नेपाळच्या डोंगरातल्या स्वास्थ्य चौक्या : स्वयंसेवक इंजिनिअरची पहिली फेरी

नेपाळच्या डोंगरातल्या स्वास्थ्य चौकीला इंजिनिअर लागतो तो बहुतेक वेळा अगदी साध्या कामांसाठी. वायरीच्या टोकाचा सैल झालेला लग आवळायचा, बॅटरीत पाणी घालायचं, पॅनेलवर सावली पाडणारी फांदी छाटायची, जळका स्टॅबिलायझर बदलायचा. अवघड असतं ते दोन चौक्यांमधलं पाच-सहा तासांचं चालणं. आणि त्याहून अवघड म्हणजे प्रत्येक मुक्कामी घरातलं सगळ्यांत चांगलं आपल्यापुढे ठेवणाऱ्या माणसांच्या घरात नीट वागणं. इंजिनिअरिंग कॉलेजात या दोन्हींचा पेपर नसतो.

पुढचं सगळं पोखऱ्याच्या पश्चिमेचा म्यागदी जिल्हा आणि त्याच्या आसपासचा मगर समाजाच्या वस्तीचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. या कामाची तिथे जुनी वहिवाट आहे. म्यागदीतल्या नांगी गावचे महावीर पुन यांनी डांड्यांवर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, रिले उभे करून डोंगरातली गावं वायरलेस इंटरनेटने जोडली आणि त्यासाठी त्यांना २००७ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामात परदेशी स्वयंसेवक होते, पण पाठीवर सामान घेऊन डांडा चढणारी आणि नंतर तो रिले चालू ठेवणारी माणसं गावातली होती. नव्याने जाणाऱ्याने एवढी गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी पुष्कळ चुका टळतात.

आधी पालिका, मग पर्वत

२०१५च्या संविधानानंतर नेपाळात ७ प्रदेश आणि ७५३ स्थानिक पालिका झाल्या, आणि गावपातळीवरची आरोग्यसेवा या पालिकांकडे आली. तेव्हा चौकीतला इन्व्हर्टर हा गाउँपालिकेच्या, म्हणजे ग्रामीण पालिकेच्या मालकीचा असतो. इन्चार्ज कितीही आनंदाने ‘उघडा की’ म्हणाले, तरी पालिकेच्या स्वास्थ्य शाखेचं पत्र हातात असल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. पत्रात चौक्यांची नावं, तारखा आणि कोणत्या यंत्रांवर काम करणार हे स्पष्ट असावं. एकट्याने उठून जाण्यापेक्षा तिथे आधीपासून काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत जाणं केव्हाही बरं. पत्र, ओळख आणि मुक्काम हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात.

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. १५ ते ६५ वयाच्या प्रवाशाला तिथे आधार कार्ड चालत नाही. गटात इतर देशांचे मित्र असतील तर त्यांची गोष्ट वेगळी आहे. पर्यटक व्हिसावर नेपाळात बिनपगारी कामसुद्धा करता येत नाही, त्यामुळे त्यांची कागदपत्रं संस्थेनेच करून घ्यावीत. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रातून वाट जात असेल तर त्याचा परवाना पोखऱ्यातच काढून घ्या. सॅटेलाइट फोन आणि ड्रोन परवानगीशिवाय नेण्याच्या भानगडीत पडू नका.

मग इन्चार्जना फोन करा आणि फोटो मागवा. ‘मशीन बिघडलंय’ या वाक्यावर विसंबून सामान भरू नका, कारण त्याचा अर्थ फ्यूज उडाल्यापासून उंदराने वायर खाल्ल्यापर्यंत काहीही निघतो. प्रत्येक यंत्राची नेमप्लेट, बॅटरीवरचं लेबल, चार्ज कंट्रोलरचा डिस्प्ले आणि पॅनेलसकट छप्पर, एवढे फोटो हवेत. त्यावरच्या तारखा विक्रम संवतात असतील. बॅटरीवर मार्करने २०७८ लिहिलेलं दिसलं तर ती भविष्यातून आलेली नसते. साधारण ५७ वजा करा. देवनागरी लिपीमुळे आपल्याला चौकीतली रजिस्टरं वाचता येतात, ही आपली मोठीच सोय. ती आल्याबरोबर वाचायला मागा.

केव्हा जायचं

दसैं (दसरा) आणि तिहार (दिवाळी) उरकल्यावरचे कार्तिक-मंसिरचे (मार्गशीर्षाचे) दिवस उत्तम, त्याखालोखाल चैत. दसैंच्या दिवसांत चौकीत कर्मचारी कमी असतात आणि पालिका बंद. पावसाळ्यात दरडी कोसळतात, बस अडकते आणि जळवा मोज्यांतूनही आत शिरतात. आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, तर शुक्रवारी दुपारी दमून पोहोचण्याचा बेत आखू नका. घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे करा.

यात एक गोम आहे. कार्तिकात आकाश निरभ्र असतं, पॅनेल भरभरून वीज देतात आणि सगळी यंत्रणा निरोगी दिसते. ती आजारी पडते ती साउन-भदौच्या (श्रावण-भाद्रपदाच्या) ढगांत आणि पुस-माघच्या थंडीत. त्यामुळे आज मीटरवर जे दिसतं त्यावर निकाल देऊ नका. ‘पावसाळ्यात रात्री किती वाजता दिवे जातात?’ हा प्रश्न रात्रपाळी करणाऱ्या अनमीला विचारा. अनमी म्हणजे चौकीतली नर्स-सुईण. इन्व्हर्टरचं खरं आयुष्य तिला ठाऊक असतं.

काय न्यायचं

सामानाचा माझा एकच नियम आहे: जी वस्तू म्यागदीतल्या बेनीच्या किंवा फार तर पोखऱ्याच्या बाजारात पुन्हा मिळणार नाही, ती बसवायची नाही. पुण्याहून आणलेला कितीही सुंदर कंट्रोलर असो, तो बिघडला की दुसरा येईपर्यंत चौकी अंधारात. त्यापेक्षा पोखऱ्यात ज्याचे तीन दुकानदार आहेत तो साधा कंट्रोलर बरा. बिल पालिकेच्या नावाने घ्या, वॉरंटी कार्ड इन्चार्जकडे द्या.

तुमच्या पाठीवर असावं ते एवढंच: चांगला मल्टिमीटर, डीसी क्लॅम्प मीटर, हायड्रोमीटर, लग आणि क्रिम्पिंग टूल, इन्सुलेटेड पकड आणि पाने, पॅनेलचे जादा कनेक्टर, वेगवेगळ्या रेटिंगचे फ्यूज, थोडी वायर, पेट्रोलियम जेली, खाण्याचा सोडा, चष्मा आणि रबरी हातमोजे. हेडलाइट दोन न्या. एक तिथेच ठेवून येण्याची इच्छा होईल आणि ती चांगली इच्छा आहे. विमानाने जाणार असाल तर हत्यारं चेक-इन सामानात आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. नेपाळातली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ.

बॅटरीचा प्रश्न मात्र वजनाचा आहे. १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या वर जाते, आणि भरियांच्या, म्हणजे ओझं वाहणाऱ्या हमालांच्या, हिताचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने नेपाळसाठी सांगितलेली मर्यादा माणशी ३० किलो आहे. म्हणजे ती एका माणसाच्या डोक्यावर नाम्लोने (कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने) लटकवून वर न्यायची नाही, तो ‘नेतो की’ म्हणाला तरीही. खच्चर ठरवा, नाहीतर लहान बॅटऱ्या घ्या. ॲसिड भरलेली बॅटरी वाटेत आडवी होता कामा नये, हे खच्चरवाल्याला नीट समजावून सांगा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाने चौथाई असते, त्यामुळे मोह होतो. पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आणि तिच्यातलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर गावात कोणी काही करू शकत नाही. मोटाररस्ता जवळ असेल तर मी अजून ॲसिडवाल्या शिशाच्या बॅटरीच्याच बाजूने आहे. तीन दिवस चालायचं असेल आणि गाव फार उंच नसेल, तर लिथियमचा विचार करा.

वाट

गोरखपूर, सुनौली, भैरहवा, तिथून पाल्पामार्गे पोखरा आणि मग बसने बेनी, असा जमिनीवरचा रस्ता आहे. काली गंडकी आणि म्यागदी नदीच्या संगमावरचं बेनी हे जिल्ह्याचं ठिकाण. बँक आणि मोठी दुकानं तिथे संपतात असं धरून चाला. नेपाळी रुपये सुट्ट्या नोटांत घ्या. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० हा दर अनेक वर्षं बांधलेला आहे. नेपाळ टेलिकॉमचं सिम खाली असतानाच घ्या.

वाटेवर खच्चरांचा तांडा दिसला की डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. माने भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) आणि चोर्तेन (बौद्ध स्तूप) उजव्या हाताला ठेवून पुढे जा. भरियाचं जेवण, मुक्काम, बूट, गरम कपडे आणि विमा ही तुमची जबाबदारी आहे. संध्याकाळी पोहोचल्यावर तो कुठे झोपला हे स्वतः जाऊन बघा.

या भागातली बरीच गावं दीड ते अडीच हजार मीटरवर आहेत, तिथे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. पण फेरी मनाङ किंवा एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबूसारख्या उंच भागाकडे वळली तर गणित बदलतं. खुंबूतल्या खुंदेचं एडमंड हिलरी यांनी १९६६ साली उभं केलेलं हॉस्पिटल ३८०० मीटरच्या वर आहे आणि फेरिचेची मदत चौकी ४३०० मीटरच्या आसपास. ३००० मीटरनंतर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकं दुखून उलटी होत असेल तर वर चढायचं नाही. चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर रात्र असली तरी खाली उतरायचं. चौकीत लोक तुमची वाट बघत आहेत, हे वर चढत राहण्याचं कारण होऊ शकत नाही.

चौकीत पोहोचल्यावर

पहिला दिवस हत्यारं बॅगेतच राहू द्या. चहा घ्या, रजिस्टर वाचा, इन्चार्जबरोबर सगळ्या खोल्या फिरा आणि रुग्णांची वर्दळ कधी असते ते बघा. बायकांच्या तपासणीच्या वेळी खोलीत शिडी घेऊन शिरणारा इंजिनिअर कोणालाच नको असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गावचा ऑपरेटर शोधा. लघुजलविद्युत असलेल्या गावात टर्बाइन चालवणारा एक माणूस असतोच. नसेल तर गिरणीवाला, नाहीतर कामी समाजातला लोहार. तुम्ही गेल्यावर पाना धरणार आहे तो हाच माणूस. सगळं काम त्याच्या हातून करून घ्या आणि तुम्ही शेजारी उभं राहा. वेळ दुप्पट लागेल, तो लागू द्या. त्याच्या दिवसाची मजुरी पालिकेकडून मिळेल अशी सोय आधीच पत्रात करून ठेवा, फुकट राबवू नका.

कामाचा क्रम मी असा लावतो: आधी प्रसूतीच्या खोलीतला दिवा, मग लशींचा फ्रीज, मग फोन आणि इंटरनेट, मग निर्जंतुकीकरण, आणि बाकीचं सगळं त्यानंतर. बाळंतपणं रात्रीच होतात असं नाही, पण रात्री होणारी अंधारात होऊ नयेत. त्या खोलीतला दिवा, त्याचा स्विच आणि त्याची वायर इतर सगळ्या लोडपासून वेगळी काढा. म्हणजे स्टाफ क्वार्टरमधल्या टीव्हीने बॅटरी संपवली तरी तो जळत राहील. टीव्हीवर बंदी घालण्याच्या फंदात पडू नका. तिथे राहणाऱ्या नर्स मुलीही माणसं आहेत, घरापासून चार दिवसांच्या अंतरावर आहेत. मोबाइल आणि टीव्हीसाठी छोटं वेगळं पॅनेल लावणं हा खरा उपाय.

सौर यंत्रणेत दोष शोधायला सुरुवात जोडण्यांपासून करा. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी चढलेली असेल तर मुख्य स्विच बंद करून सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करून आवळा आणि पेट्रोलियम जेली लावा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (सापेक्ष घनता) मोजा. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये ती १.२६च्या आसपास हवी. बाकीच्या पाचांत ठीक आणि एका सेलमध्ये खूपच कमी आली तर बॅटरी संपली, ती वाचवण्यात दिवस घालवू नका. पॅनेल दक्षिणेकडे आणि साधारण ३० अंशांत कललेलं हवं. बर्फ पडत असेल तर आणखी थोडं उभं. सूर्य समोरच्या डांड्यामागून किती वाजता वर येतो आणि किती वाजता जातो ते एक दिवस बघून लिहा. नकाशावरचे सूर्यप्रकाशाचे तास खोल दरीत खरे ठरत नाहीत.

नवं पॅनेल लावताना थंडीचा हिशोब धरा. पॅनेल थंड झालं की त्याचं व्होल्टेज वाढतं, अंशाला सुमारे ०.३ टक्के. लेबलवरचा आकडा २५ अंशांचा असतो. उणे १० अंशांच्या सकाळी तो दहा टक्क्यांनी वर गेलेला असेल. कंट्रोलरची कमाल मर्यादा त्याच्या अगदी जवळ असेल तर माघातल्या एखाद्या लख्ख सकाळी तो जळेल, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसाल.

गावात लघुजलविद्युत असेल तर व्होल्टेज दुपारी मोजून समाधान मानू नका. संध्याकाळी सातला, घराघरात दिवे लागलेले असताना मोजा. दुपारी २३० दाखवणारी लाइन तेव्हा १७०वर आलेली असू शकते. स्टॅबिलायझर त्या आकड्यावरून निवडायचा असतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या.

लशींचा फ्रीज हे जपून करण्याचं काम आहे. आतलं तापमान २ ते ८ अंशांत हवं. उष्णतेने लस खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण गोठल्यानेही पेंटाव्हॅलंट, हेपॅटायटिस बी आणि टीडी या लशी वाया जातात, आणि डोंगरात धोका थंडीचाच जास्त. फ्रीजला हात लावण्याआधी लशी कोल्ड बॉक्समध्ये हलवायच्या, त्याही आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातून. आइस पॅक फ्रीझरमधून काढून लगेच ठेवायचे नाहीत. हलवल्यावर आतला बर्फ पाण्यात खुळखुळेपर्यंत थांबायचं. सोलर डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारच्या फ्रीजला बॅटरी नसते, पॅनेलची वीज थेट कॉम्प्रेसरला जाते. त्या पॅनेलवरून मोबाइल चार्जरसुद्धा जोडायचा नाही, कोणीही कितीही गोड बोललं तरी.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरबद्दल, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राबद्दल, गावाच्या अपेक्षा फार असतात, म्हणून गणित सगळ्यांसमोर कागदावर मांडा. मिनिटाला ५ लिटर देणारं यंत्र सुमारे ३५० वॉट खातं. दहा तासांच्या रात्रीला साडेतीन युनिट लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीत १.८ युनिट असतात आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे एका रुग्णाच्या एका रात्रीसाठी चार बॅटऱ्या, इन्व्हर्टरमधला तोटा धरला तर पाच. हे ऐकल्यावर लाइनची वीज, जनरेटर आणि सिलिंडर यांचा विचार इन्चार्ज आपणहून सुरू करतात. यंत्र किती उंचीपर्यंत पुरेसा शुद्ध ऑक्सिजन देतं ते मॅन्युअलमध्ये बघा आणि शक्य असेल तर ॲनालायझरने तपासा. फिल्टर आठवड्याला धुवायचा, ही सूचना यंत्रावरच नेपाळीत चिकटवा. डिझेल जनरेटरही उंचीवर लेबलवरची पूर्ण ताकद देत नाही, हे विसरू नका.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं भांडं, ही इंजिनिअरने नक्की बघावी अशी गोष्ट आहे, कारण तिच्यातला दोष दिसत नाही. गेजवर १५ पीएसआय आले की आत १२१ अंश, हा पाठ समुद्रसपाटीचा आहे. गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो आणि वर बाहेरची हवाच विरळ. ३००० मीटरवर गेजने १५ दाखवले तर आत जेमतेम ११६ अंश असतात. ढोबळ नियम असा की दर ३०० मीटरला अर्धा पीएसआय वाढवायचा, म्हणजे तिथे साधारण २०. पण भांड्याची कमाल मर्यादा ओलांडायची नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्हशी खेळायचं नाही. दाब वाढवता येत नसेल तर वेळ वाढवावी लागते. ती किती वाढवायची हे आरोग्य खात्याच्या माणसाने ठरवायचं, तुम्ही फक्त तापमान मोजून दाखवायचं. नुसत्या पाण्यात उकळण्याचं तर बोलूच नका. त्या उंचीवर पाणी ९० अंशांनाच उकळतं.

घरातला पाहुणा

लॉज नसलेल्या गावात मुक्काम कोणाच्या तरी घरी असतो. बहुधा चौकीच्या व्यवस्थापन समितीतल्या कोणाच्या, नाहीतर महिला स्वास्थ्य स्वयंसेविकेच्या. या स्वयंसेविका १९८८पासून नेपाळच्या गावोगाव काम करत आहेत आणि गावात तुमचा खरा परिचय त्यांच्याकडूनच होतो. हाक मारताना वयाप्रमाणे दाइ, दिदी, भाइ, बहिनी. म्हाताऱ्या बाईंना आमा. नुसतं नाव घेऊन हाक मारू नका आणि ‘तिमी’ तर मुळीच नाही, मोठ्यांना ‘तपाईं’.

पादत्राणं बाहेर. चुलीजवळ कुठे बसायचं ते घरचे सांगतील. तिथे जागा ठरलेल्या असतात, दिसेल तिथे टेकू नका. चुलीत कागद, केळीची साल, टिश्यू टाकायचे नाहीत. स्वयंपाकाच्या जागेत बोलावल्याशिवाय जाऊ नका, विशेषतः बाहुन-छेत्री (ब्राह्मण-क्षत्रिय) घरात. उष्ट्याचा विटाळ आपल्या आजीच्या घरी असायचा तसाच तिथे असतो: तोंड लावलेलं भांडं दुसऱ्याच्या ताटाला लागू द्यायचं नाही, बाटली वरून प्यायची. वस्तू देता-घेताना उजवा हात पुढे आणि डावा त्याच्या कोपराला.

जेवण म्हणजे दालभात, तरकारी, अचार. कुठे ढिंडो (पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा) आणि गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी). पहिल्या वाढणीला थोडंच घ्या, कारण दुसरी येणारच आणि ती नाकारणं जड जातं. पोट भरलं की ताटावर हात आडवा धरून हसत ‘पुग्यो’ म्हणा. तरी एक डाव भात येईल, तो खा. घरातल्या बायका तुमचं झाल्यावरच जेवायला बसतील, म्हणून जेवताना इंटरनेटच्या भविष्यावर गप्पा मारत तासभर लावू नका. मांस खात नसाल तर पोहोचल्याबरोबर सांगा, ताट समोर आल्यावर नाही. आणि खात असलात तरी आधीच सांगा की कोंबडी कापू नका. तुमच्यासाठी कापलेली कोंबडी अंड्यांवर बसणारी असू शकते.

मगर आणि गुरुङ घरांत घरी गाळलेली दारू, रक्सी, पुढे येते. पीत नसाल तर हात जोडून नाही म्हणा, कोणी रागावत नाही. फक्त नाक मुरडू नका. पीत असाल तरी हत्यारं आवरल्याशिवाय नाही. रक्सी पिऊन बॅटरी बँकेला हात लावणारा माणूस मी सोबत घेणार नाही.

एका गोष्टीबद्दल कोणी तुम्हाला आधी सांगणार नाही. दलित वस्ती गावाच्या कडेला असते, आणि तुम्ही वरच्या घरांत तीन वेळा चहा प्यालात आणि लोहाराच्या घरी नाही, हे सगळं गाव बघतं. ज्याच्याकडून लग क्रिम्प करून घेतलात त्याच्या अंगणात बसून चहा प्या. तो स्वतःहून बोलावणार नाही कदाचित, तुम्हीच मागा. त्यावर व्याख्यान देऊ नका, त्याची गरज पडत नाही.

घरचे स्वतःची खाट तुम्हाला देऊन जमिनीवर झोपतील. एकदा नको म्हणा, दुसऱ्यांदा आग्रह झाला तर घ्या. स्लीपिंग बॅग स्वतःची असावी म्हणजे त्यांची पांघरुणं मुलांकडे राहतात. आंघोळीला रोज गरम पाणी मागू नका, त्याच्यामागे कोणीतरी जंगलातून पाठीवर आणलेलं सरपण असतं. पिण्याचं पाणी क्लोरीनच्या गोळीने स्वतः शुद्ध करून घ्या, त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

पैशाचा प्रश्न नाजूक. घरमालक हातात घेणार नाहीत आणि सगळ्यांसमोर दिलेत तर लाजतील. संस्थेच्या किंवा समितीच्या माणसाला आधीच विचारा की इथे काय रीत आहे, आणि ती रक्कम लिफाफ्यात घालून निघताना घरच्या आमांच्या हाती, उजव्या हाताने द्या. मुलांना पैसे, चॉकलेटं, पेनं वाटू नका. काही द्यायचंच असेल तर शाळेला द्या, मास्तरांच्या हाती. घरात एखादा दिवा लागत नसेल तर तो दुरुस्त करून देणं मात्र सगळ्यांना आवडतं. एका घरचा केलात की दहा घरची बोलावणी येतील हेही धरून चला आणि संध्याकाळचे दोन तास त्यासाठी मोकळे ठेवा.

लोक जखमा दाखवतील, औषध मागतील, तुम्हाला डाक्टर साब म्हणतील. तुमच्या बॅगेतली पॅरासिटामॉलसुद्धा देऊ नका. त्यांना हाताला धरून चौकीत न्या. रुग्णांचे फोटो काढू नका. बाळंतिणीचे तर त्यांनी परवानगी दिली तरी नाही.

निघण्याआधी

आदल्या दिवशी तीन तास राखून ठेवा. ऑपरेटर आणि अनमी यांनी तुमच्याशिवाय सगळी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करून दाखवायची, तुम्ही खोलीबाहेर बसायचं. अडले तर त्यांच्या भाषेत, त्यांच्या अक्षरात ती पायरी भिंतीवर लिहून घ्या. भिंतीवरच्या कागदावर वायरिंगचं साधं चित्र, प्रत्येक फ्यूजचं रेटिंग, बॅटरी बसवल्याची विक्रम संवतातली तारीख आणि पोखऱ्यातल्या दुकानाचा फोन एवढं हवं. त्याची एक प्रत पालिकेला द्या. सोबत बॅटऱ्या साधारण कोणत्या साली बदलाव्या लागतील आणि आजच्या भावाने किती खर्च येईल हे लिहून सही करून द्या. नेपाळचं आर्थिक वर्ष साउन १ला, म्हणजे जुलैच्या मध्याला सुरू होतं. असारच्या आत हा कागद अर्थसंकल्पात पोहोचला तर पैसा निघतो, नाहीतर गोष्ट एक वर्ष पुढे जाते.

निरोपाचा कार्यक्रम होईल. सयपत्रीच्या (झेंडूच्या) माळा, टिका, कुठे खादा (मानाचं उपरणं), आणि वडाध्यक्षांपासून (वॉर्डाच्या अध्यक्षांपासून) मास्तरांपर्यंत सगळ्यांची भाषणं. सकाळी सातला निघायचं ठरवलं असेल तर दहा वाजतील, तेव्हा त्या दिवशीचा टप्पा लहान ठेवा. तुमच्यावर बोलायची वेळ आली की दोन मिनिटंच बोला आणि ऑपरेटरचं आणि अनमीचं नाव घ्या. पुढे काही बिघडलं तर लोक कोणाकडे जातील हे त्या दोन मिनिटांत ठरतं. ‘पुढच्या वर्षी मोठं मशीन आणतो’ असलं काही बोलून बसू नका. ते वाक्य वडा कार्यालयात अनेक वर्षं टिकतं.

परतल्यावर महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑपरेटरला फोन लावा आणि तीनच आकडे विचारा: सकाळचं बॅटरी व्होल्टेज, फ्रीजचं तापमान, आणि मागच्या महिन्यात बॅटरीत किती डिस्टिल्ड वॉटर लागलं. पाणी अचानक जास्त लागायला लागलं तर कंट्रोलर जादा चार्ज करतो आहे, त्याची सेटिंग फोनवरूनच बदलून घेता येते. सकाळचं व्होल्टेज दर महिन्याला थोडं थोडं उतरत असेल तर पालिकेच्या स्वास्थ्य शाखेला लगेच कळवा, पुसची थंडी येण्याची वाट बघू नका.